धामणच असावी

जीवराम पाटलाच्या घरात उंदीर शिरले ते त्याच्याच तत्त्वांचं बोट धरून.

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा होता. धुळ्याला देवपुरात चार बैठ्या घरांची एक रांग होती आणि तिच्यातलं दुसरं घर जीवरामचं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा हा माणूस आधी तुमच्याआमच्यासारखाच होता. मग त्याला निसर्ग भेटला. तेव्हापासून घरात अंगाला बेसन, डोक्याला रिठा, भांड्यांना राख आणि जमिनीला शेण. बाजरी बायकोच्या माहेराहून, साक्रीकडच्या वावरातून यायची. तिच्यावर कसलंही औषध मारलेलं नसायचं. "वीस कोसांत जे पिकतं त्यावर माणूस स्वस्तात राजासारखा जगतो," असं तो ऑफिसात सांगायचा, न्हाव्याच्या दुकानात सांगायचा आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. ते खोटं नव्हतं. फक्त राजाच्या या थाटासाठी बायकोला, कुंदाबाईला, पहाटेपासून रिठे कुटत बसावं लागे, एवढंच तो सांगायला विसरे.

मागच्या अंगणात त्यानं खताचा खड्डा खणला होता. बाजारात केळीचे ट्रक रिकामे झाले की मागे उरलेला पाला आणि नासकी केळी तो सायकलवरून घरी आणी. शेजाऱ्यांच्या दारात टोपली घेऊन उभा राही आणि "ओलं काही आहे का?" म्हणून विचारी. (रांगेतल्या शेवटच्या घरातल्या लताबाई मास्तरीण त्याला आधी भिकारीच समजल्या होत्या.) खत सोन्यासारखं झालं. उंदरांनाही ते सोन्यासारखंच वाटलं. त्यांनी नाश्त्याची सोय खड्ड्यात केली आणि जेवायला घरात यायला सुरुवात केली, कारण बिनऔषधी बाजरीची गोडी माणसाआधी उंदराला कळते.

उंदीर झाले म्हणजे सल्ले होतात. भिंतीला भिंत लागून रुपचंद नानांचं घर होतं. नाना निवृत्त जमादार. कमरेचा पट्टा गेला होता, पण आवाज सरकारजमा झाला नव्हता.

"पाटील, गोळ्या टाका गोळ्या. सकाळले बठ्ठा, एकूणएक उंदीर उताणा."

"नाना, विष उंदीर खातो, त्या उंदराला घार खाते, मग ती घार..."

"घार तुम्हना घरमा कोठे शे?"

या प्रश्नाला पर्यावरणात उत्तर नव्हतं. लताबाईंनी आपली मांजर दिली. तिनं खड्ड्याच्या काठावर बसून उंदरांचं येणंजाणं नीट पाहिलं, जीवरामकडचं दूध प्यायली आणि आपल्या घरी निघून गेली. मग जीवरामनं पिंजरा आणला. सापडलेला उंदीर तो पांझरा नदीच्या वाळवंटात नेऊन मोकळा सोडी, निसर्गाचं निसर्गाला. हे काही दिवस छान चाललं. एका सकाळी नदीकाठच्या वस्तीतला एक गृहस्थ त्याच्या मागोमाग घरापर्यंत आला, हातातला पिंजरा त्यानं जीवरामच्या उंबऱ्यावर उघडला आणि म्हणाला, "तुमचे तुमच्याकडे."

त्याच आठवड्यात कुंदाबाईनं पेटीतला आपला शालू काढून नवऱ्यासमोर धरला. शेजारी नानांच्या सुनेला मुलगा झाला होता. बारशाला नेसायचा म्हणून तिनं तो मुद्दाम उन्हात घालायला काढला होता. पदराच्या जागी जाळी झाली होती.

"उंदरांनी?" जीवरामनं विचारलं.

"नाही. तुमच्या तत्त्वांनी," ती म्हणाली आणि रिठे कुटायला गेली. त्या दिवशी रिठे जरा जास्तच कुटले गेले.

अशा नाजूक वेळी कुंदाबाईचा धाकटा भाऊ अभिमन बाजरीचं पोतं घेऊन आला. अभिमन मोठा दिलदार माणूस. त्याला कुठल्याही अडचणीवर उपाय माहीत असे आणि तो उपाय करून झाला की त्याला नेमकी गाडी पकडायची असे.

"दाजी, उंदीर ना? हात्तिच्या! आमना वावरमा धामण शे. उंदीर नावले दिसाव नही."

"धामण म्हणजे साप ना रे?"

"साप कसाना! तिले विष शे का? शेतकरीनी मैतर शे ती. सांगा तं पोतामा लई येस एक."

जीवरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रसायन नाही, वीज नाही, खर्च नाही. खाऊ घालायलाही नको, खाद्य घरात आयतं. स्थानिक साधन याहून स्थानिक ते काय असणार! आजवर हे कुणालाच कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. ते का सुचलं नसावं, हा विचार मात्र त्या दुपारी त्याच्या मनात आला नाही.

"आक्काले काही सांगू नका," अभिमन जाता जाता म्हणाला. ही एक सूचना जीवरामनं तंतोतंत पाळली.

पुढच्या आठवड्यात अभिमन एसटीनं तोंड बांधलेलं पोतं घेऊन आला. कुंदाबाई शेजारी झुंबरबाईंकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळायला गेली होती. दोघांनी धान्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. जीवराम स्टुलावर चढला. उंचावरून निरीक्षण चांगलं होतं, असं त्याचं म्हणणं. अभिमननं सुतळी सोडली आणि जीवरामनं डोळे मिटले. भीतीनं नव्हे, पहिल्यांदा घरात येणाऱ्या जिवाला उगाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

सळसळ झाली. कणगीवरचं झाकण वाजलं. वरच्या फळ्या करकरल्या.

"गयी," अभिमन म्हणाला.

"कुठे?"

"वर."

जीवरामनं डोळे उघडले आणि वर पाहिलं. त्या चारही घरांवर मिळून एकच सिमेंटच्या पत्र्यांचं छप्पर होतं. मधल्या भिंती चढत चढत पत्र्यांपर्यंत पोचायच्या, पण त्याआधी बांधणाऱ्याचं सिमेंट संपलं असावं, कारण वर हातभर मोकळी जागा राहिली होती. फळ्यांचे माळे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होते. लताबाईंनी मसाला भाजला की ठसका नानांना लागायचा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून नानांचं नातवंड रडलं.

जीवराम घाईघाईनं स्टुलावरून खाली उतरला.

"अभिमन, ती पलीकडे गेली असेल तर? तिथे बाळंतीण आहे रे. तान्हं मूल आहे!"

"धामण माणूसले काय करस नही दाजी. उंदीरना वासवर परत ई जाई. चाला, मनी पिंपळनेर गाडी चुकी जाई."

स्टँडवर खिडकीशी उभं राहून जीवरामनं, निव्वळ मनाच्या समाधानासाठी, एक प्रश्न विचारला. "तू नीट पाहिलीस ना? धामणच होती ना?"

"आता देखानं म्हंजे..." अभिमननं मान खाजवली. "धरी आमना वावरना मगननी. मी पोतं धरेल व्हतं. पोतामा काय दिसस दाजी?"

"म्हणजे तू पाहिलीच नाहीस?"

"धामणच व्हई हो! मगन काही तरी सांगे का विहीरजवळ एक नाग बी शे, पन तो..."

इथे ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पुढचं वाक्य इंजिनात गेलं. अभिमनचे ओठ हलत होते, हात हलत होता, चेहरा हसरा होता. गाडी वळली. 'पण तो' म्हणजे काय? पण तो तिथेच आहे? पण तो हल्ली दिसत नाही? जीवराम स्टँडवर धुरात उभा राहिला आणि खान्देशात उन्हाळ्यात सहसा येत नाही ती थंडी त्याला वाजली.

तो थेट वाचनालयात गेला. सापांवर एक जुनं पुस्तक होतं. 'धामण व नाग यांत सामान्य माणसाची वारंवार गल्लत होते,' हे पहिलंच वाक्य. धामणीचा रंग कसा, नागाचा कसा, याची चित्रं होती, पण छपाई काळीपांढरी. दोन्ही साप एकाच आईची लेकरं वाटत होती. खात्रीची खूण एकच दिली होती: धामणीच्या ओठांवर उभ्या काळ्या रेषा असतात. त्या दिसण्यासाठी निरीक्षकानं प्राण्याच्या जवळ जावं, असं लेखकानं सुचवलं होतं. किती जवळ, हे त्यानं सुचवलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस जीवराम मान वर करून जगला. जेवताना वर, झोपताना वर, दाढी करताना वर. गालावर कापलं ते वेगळं. माळ्यावर खुट्ट झालं की हातातला घास तो ताटात परत ठेवी. कुंदाबाईला सांगावं असं त्याला दर तासाला वाटे, आणि दर तासाला तो शालू त्याच्या डोळ्यांपुढे येई. गंमत म्हणजे उंदीर नाहीसे झाले होते. ती खूश होती. "कसे हो गेले?" तिनं विचारलं. "निसर्गाचं संतुलन," जीवराम छताकडे बघत म्हणाला.

पण खरी काळजी भिंतीपलीकडे होती. पाळणा नेमका माळ्याच्या तुळईला टांगला होता. जीवराम या ना त्या निमित्तानं नानांकडे जाऊ लागला. आधी पत्र्यांची तपासणी करतो म्हणाला. नानांनी डोळे बारीक केले. वरच्या मोकळ्या जागेवर पाटलाचा डोळा असावा, असं त्यांना वाटलं. मग त्यानं झुंबरबाईंना सांगितलं, "काकू, बाळाला अंगणात झाडाखाली ठेवा. मोकळी हवा चांगली."

"येडा व्हयना का भाऊ? बाहेर भट्टी पेटेल शे. पोरगाले भाजू का मी?"

"मग निदान पाळणा नको. जमिनीवर..."

"जमीनवर? इंचू-काटा शे आठे!"

विंचूकाट्याचा विषय निघताच जीवराम खाली बसला. झुंबरबाईंनी त्याला पाणी दिलं आणि नंतर कुंदाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हना मालकले ऊन लागेल शे. कांदा ठेवत जा खिशामा." कुंदाबाईनं ठेवला. जीवरामनं तो कांदा निमूटपणे ऑफिसात नेला आणि तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरकारदरबारी गेला.

नगरपालिकेत सांगितलं, उंदीर आमच्याकडे, साप नाही. अग्निशामक दलात विचारलं, कुठे पेटलंय? वनखात्याच्या कचेरीत मात्र एका सज्जन कारकुनानं त्याला खुर्ची दिली.

"साप तुम्ही पकडलात?"

"नाही."

"मग पाळलात?"

"छे! म्हणजे... माळ्यावर आहे."

"बघा, पकडून आणला असेल तर गुन्हा. पाळला असेल तर गुन्हा. मारलात तर गुन्हा."

"आणि आपणहून आला असेल तर?"

"मग आपणहून जाईल." कारकुनानं कागद पुढे सरकवला. "अर्ज करून ठेवा. साप कुठून आला ते लिहा, आणि विषारी की बिनविषारी तेही लिहा."

"साहेब, तेच तर मला तुमच्याकडून हवंय!"

"ते पाहणीनंतर कळेल. पाहणी अर्जानंतर होईल. अर्ज पूर्ण भरल्याशिवाय घेता येत नाही."

जीवराम कोऱ्या अर्जाकडे बघत बसला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज त्यानंही असेच परत पाठवले होते. हा त्या कारकुनाचा दोष नव्हता, हे त्याला खात्यातला माणूस म्हणून पटलं, आणि त्यामुळे रागावण्याचीही सोय उरली नाही.

बारशाचा दिवस उजाडला. नानांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका, पाहुणे, घुगऱ्यांची परात, फुलांनी मढवलेला पाळणा. कुंदाबाई साधं पातळ नेसून पुढे बसली होती. पुरुषमंडळी दाराशी. जीवरामची नजर तुळईवर होती. पाळण्याच्या दोरीला धरून झुंबरबाईंनी गाण्याला सूर लावला, बायकांनी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू केलं, बाळाला पाळण्याखालून फिरवून वर ठेवलं गेलं, आणि वरच्या फळीवरून बारीक माती पाळण्यात पडली.

कुणाचं लक्ष गेलं नाही. जुनं घर, माती पडतेच. पण जीवरामनं फळीच्या फटीतून काहीतरी सरकताना पाहिलं. हळू, लांब, संपतच नव्हतं.

एरवी तो प्रमाण मराठीत बोलायचा. त्या क्षणी त्याची ऑफिसातली मराठी गळून पडली.

"थांबा बठ्ठा! पोरगाले काढा! माळावर साप शे!" आणि मग, कुणी विचारायच्या आत, "मी आनेल शे तो!"

क्षणभर कुणी हललं नाही. हलली फक्त कुंदाबाई. तिनं एका हातानं बाळ उचललं, दुसऱ्या हातानं बाळंतिणीला धरलं, आणि घर किंचाळायला लागलं तेव्हा ती तिघं अंगणात पोचलेली होती. बाकीच्या बायका दारातून एकदमच निघाल्या, त्यामुळे कुणीच निघेना. घुगऱ्यांची परात उपडी झाली. एक पाहुणे खिडकीतून जात होते. त्या खिडकीला गज होते.

नाना मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली जुनी काठी घेतली.

"काय आनेल शे, पाटील?"

"धामण, नाना. उंदरांसाठी. बिनविषारी असते."

"धामण शे?"

"धामणच असावी."

"असावी?" नानांचा आवाज खाली आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मना नातूना डोकावर तुम्ही साप सोडा, आन तुम्हले म्हाईत नही कोनता?"

अंगणातून कुंदाबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर त्यानं तो सोसला असता. तिथे नुसता अविश्वास होता, जणू ती हा माणूस आज पहिल्यांदाच पाहत होती.

"मारू नका नाना. धामण असली तर निरपराध आहे."

"आन नाग निंघना तं?"

"मी बघतो," जीवराम म्हणाला. आपण हे बोललो याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण त्या दिवशी खोलीत डोळे मिटले नसते तर आज ही वेळ आली नसती, हे त्याला आतून कळत होतं, आणि शिडी तर समोरच होती.

हातात बॅटरी घेऊन तो माळ्यावर चढला. वर पत्र्याखाली भट्टी होती. नानांची जुनी ट्रंक, पितळी घंगाळं, एक सूप, आणि ट्रंकेमागे वेटोळं. बॅटरीच्या उजेडात ते तेल लावल्यासारखं चमकलं. खालून नानांनी विचारलं, "फणा शे का?" जीवरामनं ठरवून डोळे उघडे ठेवले. फणा नव्हता. पण फणा काढेपर्यंत तो नसतोच, असंही पुस्तकात होतं. रेषा. रेषा बघायला हव्यात. तो पोटावर सरकत पुढे गेला, आणखी पुढे गेला. डोकं उचललं गेलं. मोठा, गोल, काळा डोळा. त्याच्याखाली ओठ. आणि ओठांवर...

"रेषा शेतस!" जीवराम ओरडला. "नाना, रेषा शेत..."

आनंदाच्या भरात त्यानं हात पुढे केला आणि धामणीनं, किंवा जे कोण होतं त्यानं, तो करकचून चावला.

जीवराम शिडीवरून उतरला नाही, घसरत खाली आला. हातातून रक्त वाहत होतं. "धामणच आहे," तो सगळ्यांना सांगत होता, "रेषा पाहिल्या मी." पण सांगता सांगता त्याच्या मनात पाल चुकचुकली. शेजारी सूप होतं. त्या रेषा ओठांवरच्या होत्या, की सुपाच्या काड्यांची सावली?

कुणी हाताला रुमाल आवळला. झुंबरबाई कडुनिंबाचा पाला ओरबाडून घेऊन आल्या. विष चढलं असलं तर निंब गोड लागतो, ही परीक्षा तिथे सगळ्यांना माहीत होती. "चाव भाऊ. कडू लागस का?"

जीवरामनं मूठभर पाला चावला. अंगण श्वास रोखून उभं होतं. त्यानं प्रामाणिकपणे जिभेचा कानोसा घेतला. "नाही," तो म्हणाला. "नेहमीसारखाच लागतो."

बायकांनी हंबरडा फोडला. "अहो, त्यांना नाहीच लागायचा!" कुंदाबाई ओरडून सांगत होती. "दोन वर्षं झाली, रोज सकाळी निंबाच्या काडीनं दात घासतात, वर पाल्याचा रस पितात!" पण ऐकायला कोण होतं? कुणी हिरवी मिरची त्याच्या तोंडात कोंबली. तिखट लागली तर वाचला. पण जन्माचा खान्देशी माणूस तो. "चांगली आहे," म्हणाला. मग मात्र नानांनी काठी टाकली, त्याला धरून रिक्षात घातलं आणि स्वतः शेजारी बसले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं जखम धुतली. "साप कोणता?"

"धामण असावी."

"असावी म्हणजे?"

"हाच प्रश्न आहे," नाना म्हणाले.

डॉक्टरनं सांगितलं, लक्षणं दिसतात का ते बघू. इथेच पडून राहा. याचा अर्थ जीवरामला स्वच्छ कळला. नगरपालिका, अग्निशामक दल, वनखातं, पुस्तक, सगळं थकल्यावर आता निकाल त्याच्या देहावर लागणार होता. तो मेला तर नाग. जगला तर धामण. बारशाची मंडळी मागच्या रिक्षांनी येऊन पोचली होती. जरीच्या साड्या, टोप्या, अत्तराचा वास, सगळे खाटेभोवती उभे राहून त्याच्याकडे दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे बघत होते. नाना मध्येच मनगटावरच्या घड्याळात बघत आणि बाहेरच्यांना कळवत, "आजून शे."

जीवरामच्या पापण्या जड झाल्या. विषानं की जागरणानं, कळेना. त्यानं कुंदाबाईचा हात धरला.

"कुंदा, मला काही झालं तर..."

"काही होत नाही."

"झालं तर खड्ड्यातलं खत पावसाच्या आत काढून घे. वाया जाईल."

कुंदाबाईनं डोळे मिटले. मग तिचा चेहरा वाकडा झाला, आणि ती हसते आहे की रडते आहे, हे तिलाही कळलं नसावं. "मला का नाही सांगितलंत?" ती हळूच म्हणाली. "मी काय तुमच्या घरात फक्त रिठे कुटायला आहे?"

चावा त्या मानानं कमी दुखत होता.

तेवढ्यात नर्स धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली. या माणसानं दोन वर्षं तापालाही काढ्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यानं आपणहून बाही वर केली.

"अहो, सेंद्रिय आहे का, विचारा आधी," कुंदाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली.

दिवस कलला. जीभ जड झाली नाही, डोळे मिटले नाहीत, हात थोडा सुजला आणि राहिला. डॉक्टर येऊन म्हणाला, "घरी जा. साप बिनविषारी होता." बाहेर टाळ्या पडल्या. आपल्या जिवंत राहण्याला टाळ्या पडलेला देवपुरातला तो पहिलाच माणूस असावा.

परतताना रिक्षा पुलावर आली तेव्हा नाना म्हणाले, "मी तुम्हनावर केस करणार व्हतो."

"करा नाना."

"चूप बसता तं केलीच असती. चूप बसता येत व्हतं तुम्हले." थोडं थांबून ते म्हणाले, "पन मी बोलाव नही तुम्हनासंगे आते. निदान म्हैनाभर."

"बरं," जीवराम म्हणाला. त्याला ते फार वाजवी वाटलं. घराशी उतरताना त्याला हाताला धरून उतरवलं ते नानांनीच, न बोलता.

एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप गेला आणि दुसऱ्या सकाळी अभिमन मगनला घेऊन हजर झाला. मगननं माळ्यावर चढून, काठीच्या टोकानं धामण अलगद पोत्यात घेतली. तिच्या पोटात एक फुगवटा होता. एवढ्या दिवसांत एक उंदीर. बाकीचे तिच्या वासानंच लताबाईंकडे राहायला गेले होते, आणि त्यांची मांजर आता जीवरामकडे दूध प्यायला येत होती.

"मगन, खरं सांग," जीवरामनं विचारलं, "तुला माहीत होतं ना, धामणच आहे?"

"मंग! मी अभिमनदाले बांधावरच सांगं ना. नाग तं पह्यलेच निंघी गयता."

सगळ्यांनी अभिमनकडे पाहिलं. अभिमनला एकदम गाडीची वेळ आठवली.

"थांब," कुंदाबाई म्हणाली. "आम्हीपण येतोय. ही जिथून आणली तिथे सोडलेली मी माझ्या डोळ्यांनी बघणार. आणि पोतं मी धरणार. तुमच्यापैकी कुणाच्या हातात देणार नाही."

पिंपळनेर गाडीत गर्दी होती. अभिमन आणि मगन पुढच्या बाकावर. मागच्या बाकावर जीवराम, बांधलेला हात गळ्यात अडकवून, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पोतं घेऊन ताठ बसलेली कुंदाबाई. कुसुंब्याच्या अलीकडे कंडक्टर आला. त्याची नजर पोत्यावर गेली. पोतं हललं.

"मावशी, पोतामा काय शे?"

"माहेरचं आहे," कुंदाबाई म्हणाली. "परत द्यायला चाललेय."

कंडक्टरनं पोत्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. जीवराम खिडकीबाहेर बघू लागला. पुढच्या बाकावर अभिमनही खिडकीबाहेरच बघत होता.